मांडवा, मुरूड आणि मधलं थळ

थळच्या बंदरात उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. किनाऱ्याजवळचं छोटं ते उंदेरी, आणि त्याच्यामागचं, दीपस्तंभ असलेलं मोठं ते खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तट चढवायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी 'रिव्हेंज' नावाचं जहाज आणि सोबत शिबाडं पाठवून कोंडी करून पाहिली. बेट मराठ्यांकडेच राहिलं. मग १६८० च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावलं आणि तिथे तोफा चढवल्या. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं शेजारशेजारची दोन बेटं एकमेकांवर नेम धरून बसलेली होती. त्या झटापटींची झळ थळ गावाला सतत लागत राहिली. गावचा खुबलढा कोटही त्यात झिजला.

पडद्यासाठी याहून तयार कथा कुठली असेल? हिंदी सिनेमा या किनाऱ्यावर आलाही. पण तो थळला थांबला नाही. त्याने उत्तरेचं मांडवा उचललं आणि दक्षिणेचं मुरूड. मांडव्यात त्याला सूडकथेचं गाव सापडलं आणि मुरूडला भुताची हवेली. अमेरिका आणि युरोपात ज्या चित्रप्रकारांना कित्येक वर्षं कमी प्रतीचे म्हणून हिणवलं गेलं, ते वेस्टर्न आणि स्वस्तातले भयपट रायगडच्या किनाऱ्यावर असे दोन बाजूंनी उतरले.

आधी मुरूडचं. अलिबागहून पन्नासेक किलोमीटर खाली गेलं की गाव येण्याआधीच समुद्रावरच्या चढणीवर जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा राजवाडा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या वास्तूत मुघली घुमट आणि युरोपीय गॉथिक धाटणीच्या कमानी एकत्र नांदतात. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजवाडा खाजगी मालकीचा राहिला. आजही तो आतून पाहता येत नाही. रस्त्यावरून दिसतो तेवढाच.

या वास्तूवर नजर पडली ती रामसे बंधूंची. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी यांचा कराचीत रेडिओचा धंदा होता. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी आडनावाचं 'रामसे' झालं आणि फाळणीनंतर तेच नाव घेऊन कुटुंब मुंबईत आलं. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' या त्यांच्या चित्रपटात पैसे बुडाले. मात्र पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकत होते, खूश होत होते. तुलसी आणि श्याम या भावांनी ते हेरलं. १९७२ मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. त्याचं चित्रीकरण महाबळेश्वरला झालं, तेही सेट न उभारता. सात भावांनी कामं वाटून घेतली होती. कुमारकडे लेखन, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे ध्वनी, अर्जुनकडे संकलन, केशूकडे निर्मितीची धावपळ, दिग्दर्शनाला तुलसी आणि श्याम. घरातल्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक सांभाळला. मोठा नट नाही, सेट नाही.

ही रीत रामसेंनी शोधलेली नव्हती. अमेरिकेत रॉजर कॉर्मनने १९६० मध्ये 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' दोन दिवसांत उरकला होता, आणि तीन वर्षांनी 'द रेव्हन'च्या उरलेल्या सेटवर 'द टेरर'चं काम काढलं होतं. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने ब्रे इथल्या स्टुडिओशेजारचा ओकली कोर्ट नावाचा वाडा पुन्हापुन्हा वापरला. एक्स्प्लॉयटेशन सिनेमा म्हणतात तो हाच. नटाच्या नावावर तिकीट खपत नसेल तर एखादं आमिष खपवायचं. भीती, रक्त, शरीर, निषिद्ध गोष्ट, जे मोठा स्टुडिओ दाखवत नाही ते. आणि खर्च इतका खाली ठेवायचा की छोट्या गावांच्या थिएटरांतून आलेल्या पैशांवरही नफा व्हावा. अशा धंद्यात आयती वास्तू म्हणजे अर्धं भांडवल. मुरूड मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरावर, समुद्र समोर, कमानी तयार. दिवे लाल-निळे केले, धूर सोडला, की हवेली उभी.

१९८४ च्या ऑक्टोबरात आलेल्या 'पुराना मंदिर'मध्ये हा राजवाडा दिसतो, आणि १९८९ च्या 'पुरानी हवेली'तही. 'पुराना मंदिर'ची गोष्ट आजही लोकांना आठवते. सामरी नावाच्या नराधमाचा राजा शिरच्छेद करवतो. धड एकीकडे पुरलेलं, मुंडकं पेटीत बंद, आणि राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल असा शाप. दोन शतकांनंतर तरुण जोडपी हवेलीत मुक्कामाला येतात आणि पेटी उघडते. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने अभियंते. त्यांच्या उंचीचा आणि चेहऱ्याचा उपयोग गंगू रामसेंच्या कॅमेऱ्याने असा करून घेतला की मुखवट्याची गरजच कमी झाली. कमानीखालून, पाठीमागून उजेड देऊन, आधी सावली आणि मग माणूस. ही मांडणी स्वस्त होती, पण गचाळ नव्हती. तंत्राच्या बाबतीत रामसेंना कमी लेखणाऱ्यांनी हा चित्रपट आवाज बंद करून एकदा पाहावा.

याच चित्रपटाच्या मध्यावर एक उपकथानक येतं, आणि ते चक्क 'शोले'चं विडंबन आहे. 'शोले'तले सूरमा भोपाली, म्हणजे जगदीप, इथे मच्छरसिंग डाकू होऊन येतात. सोबतीला मूकपटांच्या काळापासून पडद्यावर असलेल्या, येवल्याच्या ललिता पवार. भयपटाच्या पोटात डाकूपट असण्याचं कारण साधं आहे. छोट्या गावातल्या प्रेक्षकाला एका तिकिटात भीती, हसू, गाणी आणि मारामारी सगळं हवं असे.

आता 'शोले'ची वंशावळ पाहा. कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'वरून हॉलिवूडने १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. कुरोसावाच्याच 'योजिम्बो'वरून इटलीच्या सर्जिओ लिओनेने १९६४ मध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला, तोही स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उजाड माळावर, कारण तिथे खर्च कमी. लिओनेच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधल्या कुटुंबाच्या हत्याकांडाचा ठसा ठाकूरच्या घरच्या प्रसंगावर उघड दिसतो. रमेश सिप्पींनी १९७५ मध्ये ते सगळं कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत आणून वसवलं. जपान, अमेरिका, इटली, स्पेन, रामनगर, आणि मग 'पुराना मंदिर'च्या मच्छरसिंगाच्या रूपाने मुरूडची हवेली असलेला चित्रपट. चित्रप्रकार असेच फिरतात, ज्याला जे परवडेल ते उचलत.

मांडव्याचा मार्ग वेगळा. मुकुल आनंद यांचा 'अग्निपथ' फेब्रुवारी १९९० मध्ये आला. मास्तर दीनानाथ चौहान गावात वीज आणू पाहतो. तस्करीसाठी गाव हवं असलेला कांचा चीना जमीनदाराला हाताशी धरून त्याची बदनामी करवतो, आणि गावकऱ्यांच्याच हातून मास्तराचा जीव जातो. मुलगा ते पाहतो, मुंबईत गुंड होतो आणि मांडवा परत मिळवायला येतो. आपली ओळख सांगताना तो बापाचं नाव आणि गावाचं नाव सांगतो. या चित्रपटावर अमेरिकी गुन्हेपटांचा हात स्पष्ट आहे, पण सांगाडा वेस्टर्नचाच. कायद्याच्या टोकावरचं गाव, ते गिळून बसलेला बलदंड माणूस, आणि लहानपणीचा हिशेब चुकवायला आलेला एकटा. अमिताभ बच्चन यांना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या. त्या चित्रपटामुळे गेटवेहून लाँचने तासाभरावर असलेल्या मांडव्याचं नाव देशभर पोचलं.

तस्करी इथे निव्वळ कल्पना नव्हती. कोकणच्या खाड्यांत सोनं-चांदी उतरत असे हे उघड गुपित होतं, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली. 'अग्निपथ'ला मांडव्याची ही नस बरोबर सापडली होती.

पण मांडवा म्हणून जे दाखवलं गेलं त्यात मांडवा कितीसं होतं? कोळी नाहीत, आगरी नाहीत, त्यांची बोली नाही. २०१२ मध्ये करण मल्होत्रा यांनी 'अग्निपथ' पुन्हा केला तेव्हा मांडवा म्हणून दीव वापरलं, आणि प्रेक्षकांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मुरूडचंही तेच. 'पुराना मंदिर'मध्ये ती हवेली बिजापूरची, घराणं ठाकुरांचं. आफ्रिकेतून आलेल्या, दर्यावर वचक बसवलेल्या आणि एका संस्थानाचे धनी झालेल्या सिद्दींचा राजवाडा पडद्यावर दिसत असताना सिद्दींविषयी एक वाक्य नाही. अमेरिकी वेस्टर्नने नेमकं हेच केलं होतं. माळरान डोळे भरून दाखवलं आणि त्या माळाच्या मूळ रहिवाशांना एक तर शत्रू केलं, नाही तर चौकटीबाहेर ठेवलं. स्वस्त सिनेमाला जागा हवी होती, जागेची माणसं नको होती. रामसेपटांत बाईच्या शरीराचा जो आमिषासारखा वापर झाला, त्याचंही समर्थन करता येत नाही. तो त्या धंद्याचा हिशेब होता, आणि तो वाईटच होता.

तरीही आजच्या सिनेमाची मुळं याच जमिनीत आहेत. मराठीत महेश कोठारे यांनी १९९० मध्ये 'धडाकेबाज' हा पहिला मराठी सिनेमास्कोप काढला, तो कवटीचा मुखवटा घालणाऱ्या कवट्या महाकाळाला घेऊन. वेस्टर्ननेही वापरलेला रुंद पडदा मराठीत असा आला. १९९३ चा 'झपाटलेला' अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून स्फुरला, पण रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने तात्या विंचू इतका मराठी केला की मूळ चित्रपट कुणाला आठवत नाही. अशिम अहलुवालियांनी २०१२ च्या 'मिस लव्हली'त ऐंशीच्या दशकातल्या मुंबईच्या स्वस्त भयपटांचाच धंदा कथाविषय केला आणि चित्रपट कान महोत्सवात गेला.

सगळ्यात मोठी उडी २०१८ च्या 'तुंबाड'ची. राही अनिल बर्वे यांनी बीज घेतलं नारायण धारपांच्या भयकथेतून, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. आयता पडका वाडा, सततचा अंधार, लाल उजेड, शापित घराणं ही सामग्री रामसेंना परकी वाटली नसती. पडद्यावरचा वाडा हा सासवडचा खराखुरा वाडा. फरक एवढाच की या वेळी वाड्याला जात होती, काळ होता, सावकारी होती, पावसाचं पाणी होतं. पावसासाठी युनिट खऱ्या पावसाळ्यांची वाट पाहत थांबलं. भीती त्या घराच्या लोभातूनच आली. पहिल्या प्रदर्शनात बेताचाच चाललेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्याच वर्षी आदित्य सरपोतदारांच्या 'मुंज्या'ने कोकणातलं घरोघरी सांगितलं जाणारं भूत देशभरच्या थिएटरांत नेलं. जागा आणि जागेची माणसं पहिल्यांदा एका चौकटीत आली.

अल्मेरियाजवळ लिओनेच्या काळातले वेस्टर्नचे सेट आज पर्यटक तिकीट काढून पाहतात. ओकली कोर्टचं हॉटेल झालं आणि तिथल्या चित्रपटांचा इतिहास ते अभिमानाने सांगतं. मुरूडचा राजवाडा खाजगी आहे, त्याच्या दाराशी गर्दी नको हे मान्य. पण खालच्या रस्त्यावर, सिद्दींच्या घराण्याविषयी चार ओळी आणि इथे कोणते चित्रपट झाले याच्या दोन ओळी असलेला एक फलक लावायला काय हरकत आहे? जंजिरा पाहायला इतकी माणसं याच रस्त्याने जातात.

आणि थळ अजून कोराच आहे. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्या बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे, पांढऱ्या रंगाने माखलेली शिळा, तिच्या दर्शनाला होड्या जातात. ठोकलं की धातूसारखा नाद देणारा खडक आहे. १८६७ चा दीपस्तंभ आहे. एकीकडे आरमाराची लढाई, दुसरीकडे समुद्रातला देव. वेस्टर्न आणि भयपट या दोघांनाही लागेल ते सगळं एका बेटावर जमलेलं आहे. मराठीत जे तरुण आज भयपट आणि सूडपट लिहीत आहेत त्यांनी थळच्या बंदरातून होडी धरावी, वेताळाला नारळ द्यावा, कोळीवाड्यात जुन्या माणसांजवळ बसून त्यांच्याच बोलीत ऐकून घ्यावं, आणि मग पटकथेचं पहिलं पान लिहायला घ्यावं.