वरुणेच्या वेशीवरील वनचर

३१ डिसेंबर २०२४ रोजी म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत, इन्फोसिसच्या विस्तीर्ण आवारात, बिबट्या दिसला आणि वर्षाचा शेवटचा दिवस तेथील प्रशिक्षणार्थींना वसतिगृहात बसून काढावा लागला. अशा वेळी सुशिक्षितांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : जंगल सोडून हा येथे आला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास अरण्यात जाण्यापेक्षा इतिहासात जाणे अधिक फलदायी, असे आम्हांस वाटते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा. कन्नडमध्ये बिबट्यास ‘चिरते’ म्हणतात. बदलीवर नव्याने आलेल्या आपल्या मंडळींस तो ‘चित्ता’ वाटतो. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडले ते मध्यप्रदेशातील कूनो येथे. म्हैसूरकरांच्या कुंपणावरून उडी घेतो तो बिबट्याच.

म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे वाटेत वरुणा लागते. हल्ली हे नाव निवडणुकांच्या बातम्यांत वाचावयास मिळते. परंतु दहाव्या शतकाच्या सुमारास येथे चालुक्यांच्या एका लहानशा मांडलिक घराण्याचे ठाणे होते आणि त्या काळचे वीरगळ येथे सापडले आहेत. ‘वीरगळ’ हा आपला शब्दही मूळचा कन्नड. त्यातील ‘गळ’ म्हणजे ‘कल्लु’, अर्थात दगड. गाई वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना पडलेले वीर त्यांवर कोरले जात, तसेच या कन्नड मुलुखात वाघाशी किंवा रानडुकराशी झुंजून मेलेलेही.

यांतील सर्वांत नामांकित शिळा वरुणेची नव्हे, शेजारच्या मंड्या जिल्ह्यातील अतकूरची. इ. स. ९४९–५० च्या या लेखाचा आरंभ राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या तक्कोलम येथील विजयाने होतो. ज्या घराण्याने वेरूळचे कैलास लेणे खोदविले, तेच हे राष्ट्रकूट. या युद्धात गंग राजा बूतुग याच्या बाजूने मणलेर नावाचा सरदार पराक्रमाने लढला. राजा प्रसन्न झाला व म्हणाला, हवे ते माग. मणलेराने ना गाव मागितले ना सोने. त्याने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला! पुढे त्या कुत्र्यास एका प्रचंड रानडुकरावर सोडले असता दोघेही एकमेकांस मारून मेले. मणलेराने अतकूरच्या देवळापुढे शिळा उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आणि पुजाऱ्याने शिळेची पूजा केल्यावाचून जेवू नये असे बजावले. शिळेवर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरली आहे. ती आता बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. एक हजार वर्षांपूर्वीही रानडुक्कर माणसाच्या इतके जवळ होते, आणि ते तेथे कसे आले असा विस्मय त्या लेखात कोठेही नाही.

संस्थानी अमदानीत हे शेजारपण निराळ्या रीतीने चालले. कालव्यांच्या खात्यात नोकरीस असलेल्या सँडरसन नामक इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली चामराजनगरकडे खेड्डा घालून हत्तींचा कळप पकडला. (कालव्याच्या अधिकाऱ्याने हत्ती धरावेत, हे आजच्या कोणत्या सेवानियमात बसेल?) पुढे काकनकोटेचे खेड्डे प्रसिद्धीस आले, त्यांतील शेवटचा १९७१ साली झाला. त्यानंतर कबिनी धरणाच्या पाण्याने तेथील बरेच रान गिळले.

हत्ती मात्र वाट विसरले नाहीत. ८ जून २०११ रोजी सकाळी दोन रानहत्ती थेट म्हैसूर शहरात शिरले. एक महिला महाविद्यालयाच्या आवारात फिरत राहिला, दुसरा भर वस्तीत. एका माणसाचा बळी गेला, शाळा-महाविद्यालयांस सुट्टी द्यावी लागली आणि काही तासांनी भुलीची औषधे देऊन त्यांस पकडण्यात आले.

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, मग हे जुनेच आहे, चालावयाचेच. तसे म्हणण्याचा अधिकार निदान आम्हां शहरवासीयांस नाही. ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२३ या चार महिन्यांत एकट्या नरसीपूर तालुक्यात बिबट्याने चार माणसे मारली. त्यांत दोन महाविद्यालयीन विद्यार्थी होते, एक वृद्धा होती आणि एक लहान मुलगा. कालव्याच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या उसात बिबट्यास सावली, आडोसा आणि कुत्र्या-शेळ्यांचे भक्ष्य सारेच मिळते. त्याच्या लेखी तेही रानच. त्या मृत्यूंनंतर सरकारने भरपाई साडेसात लाखांवरून पंधरा लाख केली आणि म्हैसुरात बिबट्यांसाठी स्वतंत्र कृतिदल नेमले.

बिबट्या दिसला की नव्या वसाहतींतून पहिली मागणी येते ती पिंजऱ्याची : पकडा आणि दूर सोडा. याचा कडू अनुभव आपल्या जुन्नरने घेतला आहे. तेथे २००१ पासून उसाच्या शेतांतून बिबटे धरून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार माणसांवरील हल्ले कमी न होता वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. आपली जागा पुरती ओळखणारे जनावर अनोळखी मुलखात नेऊन टाकले की ते बिथरते, आणि रिकाम्या जागेत दुसरे येऊन बसते.

माणसावर चटावलेले जनावर धरलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु रात्री नुसता रस्ता ओलांडताना दिसलेल्या प्रत्येक बिबट्यासाठी पिंजरा मागणाऱ्या वसाहतीने आधी आपल्या कोपऱ्यावरील उकिरडा पाहावा. त्यावर मोकाट कुत्री पोसतात आणि त्या कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. उकिरडा उचलण्याचा अर्ज नगरपालिकेकडे करावा लागतो, पिंजऱ्याचा वनखात्याकडे; आमच्या पाहण्यात दुसराच अर्ज अधिक वेळा केला जातो.