स्नायूची साक्ष

कंबरदुखीसाठी मज्जातंतू निकामी करण्याच्या उपचाराचा इतिहास रुग्णाच्या ‘बरं वाटतंय’वर विसंबून लिहिला, तर फसगत होते. १९७१ साली ऑस्ट्रेलियात रीस यांनी मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांचे तंतू सुरीने कापून जवळपास शंभर टक्के यशाचा दावा केला. अमेरिकेत शीली यांनी सुरीऐवजी रेडिओफ्रीक्वेन्सीने तापणारी सुई आणली. पुढे बोगडुक यांच्या शरीररचनेच्या अभ्यासातून दिसले, की रीस यांची सुरी तंतूपर्यंत पोचतच नव्हती आणि शीलींचा नेमही चुकत होता. तरी रुग्ण खूश होतेच!

खरा साक्षीदार मल्टिफिडस हा कण्यालगतचा स्नायू. सांध्याची वेदना नेणारा तंतूच त्यालाही चालवतो. म्हणून २००० साली ड्रेफस व सहकाऱ्यांनी १५ रुग्णांच्या या स्नायूचा विद्युत्-आलेख उपचाराआधी आणि नंतर काढला. स्नायूचा संपर्क तुटलेला दिसला, तर नेम लागला. यावर आक्षेप असा, की मग पाठ कमकुवत होणार. तो उडवून लावण्याजोगा नाही. पण तंतू पुन्हा वाढतो, आणि २००९च्या अभ्यासात एमआरआय पाहून उपचार कोणत्या बाजूला झाला हे तज्ज्ञांना अचूक सांगता आले नाही. अर्थात त्यात रुग्ण मोजकेच होते. वारंवार उपचार घेणाऱ्यांच्या स्नायूबद्दल तेवढ्यावरून निर्धास्त राहणे घाईचे ठरेल.