एन्ना : गव्हाच्या रानातला किल्ला

श्रोते हो, इटलीच्या बुटासमोर समुद्रात एक त्रिकोणी बेट आहे. ते सिसिली. शिक्षकांनी मुलांना त्याच्या मध्यावर बोट ठेवायला सांगावे. तिथेच एन्ना हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९३० मीटर उंच, भोवती तुटलेले कडे, खाली दूरवर गव्हाची शेते. बेटावर ज्याला राज्य करायचे, त्याला हे गाव हवेच असे.

ग्रीकांच्या काळी इथे डिमीटर या धान्यदेवीचे मोठे ठाणे होते. तिच्या मुलीला पाताळाच्या राजाने जवळच्याच पेर्गुसा तळ्याकाठून पळवले, अशी कथा सांगतात. लेक पाताळात असते तोवर आई दुःखी नि रान उजाड. लेक परतली की पीक डोलते.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात रोमन आले. पुढे पिकाचा दहावा हिस्सा रोमला जाऊ लागला. बडे जमीनदार माणसे विकत घेत, डागण्या देत आणि शेतात नि गुरांमागे राबवीत. एन्नाच्या डामोफिलस या धनिकाकडे काही गुलाम उघड्या अंगाने वस्त्र मागायला गेले. वस्त्र राहिले बाजूला, त्याने त्यांना खांबाला बांधून फटके मारले!

अखेर इ. स. पूर्व १३५ च्या सुमारास युनुस या सीरियन गुलामाच्या मागे सुमारे चारशे जण एन्नात घुसले. डामोफिलस मारला गेला. पण त्याची मुलगी गुलामांशी मायेने वागे. तिला त्यांनी जपून नातेवाइकांकडे पोहोचवले. आणखी एक गोष्ट ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, ती ध्यानात ठेवा. बंडखोरांनी शेतवाड्या जाळल्या नाहीत, साठवलेले धान्य नासले नाही, शेती करणाऱ्याला हात लावला नाही. उद्या खायचे काय, हे राबणाऱ्याला ठाऊक होते. इ. स. पूर्व १३२ मध्ये रोमने बंड मोडले; एन्ना पडले ते फितुरीने.

पुढे अरब ८२७ साली बेटावर उतरले. पण एन्ना हाती यायला ८५९ साल उजाडले. तेही एका कैद्याने चोरवाट दाखवली म्हणून, असे अरब इतिहासकार लिहितात. अरबांनी बेटावर पाटपाणी वाढवले, लिंबू-संत्र्याच्या जातीची झाडे आणली. ‘एन्नाचा किल्ला’ या जुन्या लॅटिन नावाचे त्यांच्या तोंडी ‘कसर याना’ झाले. १०८७ मध्ये नॉर्मनांनी गाव घेतले. मग ‘याना’ म्हणजे जोव्हानीच असणार, असे समजून लोक ‘कास्त्रोजोव्हानी’ म्हणू लागले. कोणी जोव्हानी तिथे नव्हताच, बरे का! १९२७ साली मुसोलिनीच्या राजवटीत जुने नाव परत आले.

नंतर स्पेनचे राजे झाले, बूर्बों घराणे झाले. १८६० मध्ये गॅरिबाल्डी आला नि बेट इटलीत गेले. सरंजामशाही कागदावर १८१२ सालीच संपली होती. पण मोठ्या जमिनी थोड्यांच्याच हाती राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर भूमिहीन शेतकऱ्यांनी पडीक जमिनींत नांगर घातले, तेव्हा कुठे १९५० साली सिसिलीच्या विधानसभेने जमीनसुधारणेचा कायदा केला.

मंडळी, मुलांना राजांची यादी जरूर पाठ करायला सांगा. पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारा : या प्रत्येक राजवटीत गहू पिकवला कोणी, आणि तो गेला कोणाच्या कोठारात? एन्नाचा खरा इतिहास या प्रश्नात आहे.