प्रशाला, सलग (पहिली ते दहावी) : पाल्यासाठी निवड

पहिलीपासून दहावीपर्यंतचे, क्वचित बारावीपर्यंतचे, वर्ग एकाच आवारात आणि एकाच सरकारी व्यवस्थापनाखाली भरणारी शाळा. मराठवाड्यात अशी शाळा बहुधा जिल्हा परिषदेची असते आणि तिच्या माध्यमिक भागाला ‘प्रशाला’ म्हणतात. प्रस्तुत नोंद बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याचे उमापूर महसूल मंडळ समोर ठेवून केली आहे. गोदावरीच्या दक्षिणेचा, शेवगावच्या बाजूचा हा कापूस-उसाचा मुलूख असून वाड्यावस्त्या व तांड्यांवरची अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. येथील पालक शाळा ठरवतो ती मूल सहा वर्षांचे झाल्यावर, आणि पाहतो तेही पहिलीचाच वर्ग: रंगवलेल्या भिंती, बाईंचा स्वभाव, घरापासूनचे अंतर. मुलाची शाळा सुटण्याचा धोका मात्र चौथी-पाचवी, सातवी-आठवी आणि आठवी-नववी या सांध्यांवर असतो. म्हणून सलग शाळेची परीक्षा खालच्या नव्हे, वरच्या वर्गांवरून करावी, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका. ही निवड मराठवाड्यातच एवढ्या ठळकपणे का उभी राहते, याचे कारण हैदराबाद संस्थानात आहे. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (१९१९) आणि तिच्यासारख्या संस्थांनी माध्यमिक शिक्षण खेड्यात नेले. तिथे आजही प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल संस्थेचे, अशी वाटणी सर्वसाधारण आहे. मराठवाड्यात मात्र निजामी राजवटीत शिक्षणाचा जोर उर्दूवर होता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी असे खासगी प्रयत्न मोजके, आणि त्यांच्यावर सरकारची नजर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आल्यानंतर, पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर, येथील सरकारी माध्यमिक शाळा शासनाकडेच राहिल्या. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा त्या शाळा परिषदांच्या पदरात पडल्या. त्यामुळे साताऱ्यात जे सहसा शक्य नाही ते बीडमध्ये शक्य झाले: मुलाच्या पहिलीच्या आणि दहावीच्या शाळेचा मालक एकच. हा वारसा धोरण म्हणून आला नाही, हस्तांतरणाच्या ओघात आला. त्यामुळे त्याची जोपासनाही धोरण म्हणून झाली नाही.

रचना व नियम. राज्यातील जुनी घडण पहिली ते चौथी किंवा पहिली ते सातवी अशी प्राथमिक, आणि पाचवी ते दहावी किंवा आठवी ते दहावी अशी माध्यमिक होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा (२००९, अंमल १ एप्रिल २०१०) पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी असे टप्पे धरतो. राज्याच्या नियमांनुसार पहिल्या टप्प्याची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि दुसऱ्याची ३ किलोमीटरच्या आत असावी. दोन घडणींचा मेळ घालण्यासाठी चौथीच्या शाळेला पाचवी आणि सातवीच्या शाळेला आठवी जोडण्याचे धोरण आले. पण पाचवी व आठवीच्या पटावर खासगी अनुदानित शाळांच्या तुकड्या आणि पर्यायाने शिक्षकांच्या नोकऱ्या अवलंबून असल्याने ते सर्वत्र सारखे उतरले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचवीच्या मुलांचे दाखले गोळा करत फिरणारे शिक्षक मराठवाड्यात नवे नाहीत. पालकाला वाटते, शाळा मुलाला मागते आहे. प्रत्यक्षात ती तुकडी वाचवत असते.

सलगतेचा खरा प्रश्न शिक्षकसंख्येचा आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, पुढे ३० मुलांमागे १, आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे १, हे कायद्याचे माप. वरच्या टप्प्यावर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, हेही कायद्याच्या अनुसूचीत आहे. प्रत्यक्ष पदे मात्र संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार होणाऱ्या पदमंजुरीत, ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाच्या निकषांनी सहावी ते आठवीचा पट २० हून कमी असलेल्या शाळांतील नियमित पदांवर गदा आली आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. कायदा विषयवार शिक्षक मागतो आणि संचमान्यता पट मोजते. या दोहोंमधली दरी लहान गावात सर्वांत रुंद असते, आणि सलग शाळेचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. आजूबाजूच्या वस्त्यांची मुले सहावीला एका ठिकाणी आली तर पट टिकतो, आणि पट टिकला तर गणिताचा शिक्षक टिकतो. मात्र फलकावर ‘१ ते १०’ लिहिले म्हणून शाळा सलग होत नाही. एकाच कुंपणात प्राथमिकचा यू-डायस (सरकारी शाळानोंद) क्रमांक वेगळा, माध्यमिकचा वेगळा, मुख्याध्यापक दोन, हजेरीपत्रके दोन आणि आठवीला पुन्हा दाखल्याची देवाणघेवाण, अशी स्थिती असू शकते. पहिली ते पाचवीचे शिक्षक पदविकाधारक, सहावी ते आठवीचे पदवीधर, नववी-दहावीचे बी.एड. झालेले, त्यांच्या आस्थापना व बदल्याही निराळ्या. म्हणून पालकाने दोनच गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ: आठवीत जाताना नवा दाखला काढावा लागतो का, आणि नववीला गणित व विज्ञान शिकवणारे पद आज भरलेले आहे का. पहिलीच्या वर्गातील डिजिटल फळा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक ७५ टक्के असतात आणि सदस्यांत निम्म्या महिला, त्यामुळे ही माहिती मागण्याचा मार्ग कायद्यानेच मोकळा ठेवला आहे.

नववी हा सांधा वेगळा आहे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १४ वर्षांवर आणि आठवीवर थांबतो, आणि ३ किलोमीटरची हमीही तिथेच संपते. डिसेंबर २०२३ पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, नापासांना पुनर्परीक्षा आणि त्यातही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे जिथे शाळा बदलते, नेमके तिथेच मूल अडू शकते. वरचा वर्ग त्याच आवारात असेल तर अडलेल्या मुलाला ओळखणारे कोणी तरी शिल्लक राहते.

पुरावा. शाळा बदलण्याने नुकसान होते का, यावरचा भक्कम अभ्यास परदेशातला आहे. जोना रॉकॉफ व बेंजामिन लॉकवुड यांनी न्यूयॉर्क शहरात (२०१०) आणि गिडो श्वेर्ट व मार्टिन वेस्ट यांनी फ्लॉरिडात आठवीपर्यंत सलग शिकलेल्या मुलांची तुलना मध्येच शाळा बदललेल्या मुलांशी केली. बदल करणाऱ्यांचे गुण घसरले आणि ती घसरण पुढील वर्षांतही पूर्ण भरून निघाली नाही. हे निष्कर्ष उमापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. अमेरिकेत शाळा बदलणारे मूल शाळेतच राहते, इथे ते शाळेबाहेर जाऊ शकते. त्यामुळे बिहारमधील सायकल योजनेवरचा कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांचा अभ्यास (२०१७) अधिक जवळचा: नववीतील मुलींना सायकल मिळाल्यावर माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि परिणाम मुख्यतः शाळा ३ किलोमीटर वा त्याहून दूर असलेल्या गावांत दिसला. अंतर हाच अडसर होता, असा त्याचा अर्थ. बीड जिल्ह्यात या अडसराची किंमत अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातल्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न १८ वर्षांआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या मुलीसाठी घरात पुढचा विषय कोणता निघतो, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

आक्षेप. पहिला असा की, सहाव्या वर्षीच दहा वर्षांचा निर्णय घेणे म्हणजे मूल एका शाळेला बांधणे. तसे होत नाही. कायद्याच्या कलम ५ नुसार दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाला दाखला तत्काळ द्यावा लागतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सलग शाळा बाहेर पडण्याची वाट बंद करत नाही, फक्त सक्तीने बाहेर काढत नाही. दुसरा आक्षेप इंग्रजी माध्यमाचा. गेवराईकडे जाणारी शाळेची गाडी दारात येते, ही सोय खरी; पण ती फी भरेपर्यंतची सोय आहे. कापसाचा भाव पडला की गाडी आधी थांबते, आणि मूल पाचवी-सहावीत माध्यम बदलून परत येते. दोन सांधे एकदम तुटण्याचा हा प्रकार आहे. खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांचा मार्ग उपलब्ध आहे. सरकारी वा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना त्यातून सूट देणारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द केली. मात्र या जागांवरचे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. गेवराई तालुक्यातच, गढी येथे, जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे: सहावी ते बारावी, निवासी, मोफत, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. हुशार मुलाला तिथे पाठवावे, बाकीचा विचार कशाला? पण सहावीला जागा ८० आणि उमेदवार संपूर्ण जिल्ह्याचे. नवोदय हा निवड झालेल्यांचा मार्ग आहे. पालकाने परीक्षा जरूर द्यायला लावावी, पण शाळा ठरवताना न निवडलेल्या मुलाचे काय, हेच धरून चालावे. शिवाय पाचवीत नवोदयची तयारी करून घेणारा शिक्षक आणि सहावीत त्या मुलाला पुन्हा सामावून घेणारी शाळा एकच असेल तर अपयश सोसवते.

शेवटी समूह शाळेचा मुद्दा. २० हून कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा राज्यात असून पानशेत (पुणे) व तोरणमाळ (नंदुरबार) येथील समूह शाळांच्या धर्तीवर त्यांचे एकत्रीकरण करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला आणि वादग्रस्त ठरला. राजस्थानने २०१४ मध्ये ग्रामपंचायतनिहाय आदर्श विद्यालयांसाठी हजारो शाळा विलीन केल्या. परिणामांबद्दल एकमत नाही. सलग शाळेचे समर्थन म्हणजे वस्तीशाळा बंद करण्याचे समर्थन नव्हे. वस्तीवर पहिली-दुसरी राहावी आणि वरचे वर्ग एकत्र यावेत, हा तिसरा पर्याय दोन्ही बाजूंच्या गदारोळात हरवतो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेले शाळासंकुल त्याच्या बरेच जवळ जाते.

स्थलांतरित मुले. पटाची मोजणी साधारणतः ३० सप्टेंबरची, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दिवाळीच्या सुमारास. कागदावरचा पट त्यामुळे भरलेला राहतो आणि वर्ग मार्च-एप्रिलपर्यंत अर्धा. मूल मागे ठेवायचे तर हंगामी वसतिगृह, नाही तर आजी. सोबत न्यायचे तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखल होण्याचा कागद. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे ठरली आहेत. थोरला भाऊ नववीत आणि धाकटी तिसरीत एकाच आवारात असतील तर दोघांना मागे ठेवणे आजीला झेपते. दोन गावांत दोन शाळा असतील तर धाकटी कोयत्यासोबत जाते.

वाहतूक. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास (अहिल्याबाई होळकर योजना). बस वेळेवर येत नसेल तर पासाचा उपयोग नाही.

उर्दू माध्यम. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांना वरील विवेचन लागू. माध्यमिक वर्ग विरळ.

अकरावी-बारावी. १०+२ आकृतिबंधानंतर (दहावीची पहिली परीक्षा १९७५) हे वर्ग बहुतांशी कनिष्ठ महाविद्यालयांना जोडलेले. मंडळ : छत्रपती संभाजीनगर विभाग.

प्रवेश. पहिलीसाठी ६ वर्षे पूर्ण. जन्मदाखला नसल्यास प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४).