क्रॅनली : गाव राहणेच पसंत केलेले गाव

इंग्लंडच्या आग्नेय भागातील सरे परगण्यात, गिल्डफर्ड शहरापासून सुमारे १३ किलोमीटर अंतरावर क्रॅनली वसले आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ११ हजारांहून अधिक नोंदली गेली. दुकानांनी गजबजलेला मुख्य रस्ता, शाळा, कलाकेंद्र, क्रीडांगणे असे सारे काही असूनही क्रॅनली कागदोपत्री आणि ग्रामस्थांच्या मनातही गावच आहे. ‘इंग्लंडमधील सर्वांत मोठे गाव’ हा मान क्रॅनली आपल्याकडे घेते. मात्र यॉर्कशरमधील कॉटिंगहॅम, ससेक्समधील लान्सिंग आणि ऑक्सफर्डजवळचे किडलिंग्टन यांचाही त्यावर दावा आहे. हा वाद सुटण्यासारखा नाही. अमुक लोकसंख्येपुढे गावाचे नगर व्हावे, असा नियम तेथील कायद्यात नाही. १९७२ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार पॅरिश कौन्सिलला, म्हणजे ढोबळमानाने ग्रामपंचायतीला, केवळ एक ठराव करून नगराचा दर्जा घेता येतो व तिच्या अध्यक्षाला महापौर म्हणवून घेता येते. क्रॅनलीने हा मान घेतलेला नाही.

गावाचे नाव क्रौंच पक्ष्यांवरून पडले असे मानतात. क्रौंचांचा वावर असलेली, जंगल तोडून मोकळी केलेली जागा असा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नावाचे स्पेलिंग वेगळे होते. हस्तलिखित पत्त्यांवर ते जवळच्या क्रॉली गावासारखे दिसे आणि टपालाचा घोटाळा होई. अखेर टपाल खात्याच्या आग्रहावरून १८६० च्या दशकात शेवटची अक्षरे बदलण्यात आली. उच्चार मात्र तोच राहिला.

गावातील सेंट निकोलस चर्चचा इतिहास बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. तेथील दगडी कोरीवकामातील एका मांजराच्या मुखवट्यावरून लुईस कॅरल यांना ‘अ‍ॅलिस’च्या कथेतील हसणारे मांजर सुचले, असे ग्रामस्थ हौसेने सांगतात. परंतु ते पुस्तक १८६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कॅरल यांच्या बहिणींसाठी गिल्डफर्ड येथे घर घेतले गेले ते १८६८ मध्ये. त्यामुळे ही आख्यायिका आख्यायिका म्हणूनच ऐकलेली बरी.

चिकणमातीच्या या प्रदेशातील रस्ते पावसाळी दिवसांत चिखलाने भरून जात. १८१६ मध्ये खुला झालेला वे-अरुण कालवा गावाजवळून जात असे, पण रेल्वे आल्यावर त्याची रया गेली आणि १८७१ मध्ये तो बंद झाला. गिल्डफर्ड ते हॉर्शम हा लोहमार्ग ऑक्टोबर १८६५ मध्ये सुरू झाला. परगण्यातील शेतकरी व व्यापारी कुटुंबांतील मुलांसाठी उभारलेली, आज क्रॅनली स्कूल म्हणून प्रसिद्ध असलेली निवासी शाळाही त्याच वर्षीची. सुमारे शंभर वर्षांनी, जून १९६५ मध्ये, देशभरातील तोट्यातील मार्गांबरोबर हा लोहमार्गही बंद करण्यात आला. स्थानकाच्या जागी आता दुकानांचा चौक आहे. रुळांच्या जागी ‘डाउन्स लिंक’ ही पायवाट झाली असून तीवरून पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार जातात.

क्रॅनलीची खरी ओळख मात्र या साऱ्याहून वेगळी आहे. इंग्लंडमधील पहिले ‘कॉटेज हॉस्पिटल’ म्हणून ओळखले जाणारे रुग्णालय १८५९ मध्ये येथे सुरू झाले. त्या काळी शेतावर जखमी झालेल्या मजुराला गाडीत घालून दूरच्या शहरात न्यावे लागे. गिल्डफर्डचे मोठे रुग्णालयदेखील १८६६ मध्ये उघडले. गावातील शल्यचिकित्सक अल्बर्ट नॅपर यांनी धर्मगुरू जे. एच. सॅप्टे यांच्या साहाय्याने चर्चजवळच्या एका जुन्या लाकडी चौकटीच्या घरात मोजक्या खाटा मांडल्या. नॅपर यांचा दृष्टिकोन विचार करण्याजोगा होता. संपूर्ण धर्मादाय उपचार त्यांना मान्य नव्हते. रुग्णाने ऐपतीप्रमाणे आठवड्याला थोडी रक्कम द्यावी व उरलेला खर्च वर्गणीतून भागवावा, अशी त्यांची पद्धत होती. त्यामुळे मजुराला उपचार घेताना ओशाळे वाटत नसे आणि गावच्या डॉक्टरलाही शस्त्रक्रियेचा अनुभव गावातच मिळे. पुढील काही दशकांत देशात ठिकठिकाणी याच धर्तीवर रुग्णालये निघाली.

१९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर अशी ग्रामीण रुग्णालये सरकारच्या ताब्यात गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्रॅनली येथील आंतररुग्णांच्या खाटा बंद झाल्या. ग्रामस्थांनी न्यास स्थापून नव्या रुग्णालयासाठी देणग्या गोळा केल्या. परंतु योजनेचे स्वरूप बदलत जाऊन खासगी शुश्रूषागृहाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा आपण पैसे कशासाठी दिले होते, असा प्रश्न अनेक देणगीदारांनी विचारला. त्यावरून गावात दोन तट पडले.

सामुदायिक जीवनाच्या बाबतीत क्रॅनली कोणत्याही इंग्लिश गावासारखेच आहे, फक्त थोडे मोठ्या प्रमाणावर. सार्वजनिक माळावर उन्हाळ्यात क्रिकेट रंगते, नोव्हेंबरात मशालींची मिरवणूक निघून होळीसारखा मोठा जाळ पेटतो. जुन्या शाळेच्या इमारतीत कलाकेंद्र चालते. मुख्य रस्त्यावरील मॅपल वृक्षांचा संबंध पहिल्या महायुद्धात या भागात तळ ठोकून असलेल्या कॅनडाच्या सैनिकांशी जोडला जातो.

अलीकडच्या काळात गावापुढील सर्वांत मोठा विषय घरबांधणीचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मंजूर झालेल्या वेव्हर्लीच्या विकास आराखड्याने २०३२ पर्यंत क्रॅनलीच्या वाट्याला सुमारे १,७०० नवी घरे दिली. शेतजमिनी जाणार, रस्ते अपुरे पडणार, अशा हरकती ग्रामस्थांनी नोंदवल्या. दुसरीकडे, गावात वाढलेल्या तरुणांना तेथील घरांच्या किमती परवडत नाहीत, हेही खरे. लोहमार्ग पुन्हा सुरू करण्याची मागणी अधूनमधून होत असते, पण लंडनला नोकरीसाठी जाणाऱ्यांना आजही आधी रस्त्याने गिल्डफर्डसारखे दुसऱ्या गावचे स्थानक गाठावे लागते.