साय, वाफ आणि आवाजापुढचा वेग

आमचा नगर जिल्हा दुधाचा आणि उसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा. आता कारखान्यांत बगॅस जाळून वाफेवर टर्बाइन फिरवतात. या टर्बाइनच्या इतिहासात दूधही आहे, हे मला उशिरा कळलं.

स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १८७८ साली साय काढणारा सेपरेटर केला. त्याला प्रचंड वेगाने फिरवायच्या खटपटीत तो वाफेच्या टर्बाइनकडे वळला. १८८८ च्या सुमारास त्याने आधी निमुळता, मग रुंद होणारा नॉझल वापरला.

रुंद कशाला? पाइपाचं तोंड दाबलं की धार जोरात जाते, एवढ्यावर मी एमएस्सीला उत्तर लिहिलं आणि मार्क घालवले. गोम घनतेत आहे. आवाजाच्या वेगाखाली वेग जितक्या प्रमाणात वाढतो, त्यापेक्षा घनता कमी घटते. म्हणून वाट अरुंद लागते. गळ्याशी प्रवाह आवाजाचा वेग गाठतो. बाहेरचा दाब पुरेसा कमी असेल, तर पुढे उलटं होतं: घनता जास्त झपाट्याने पडते, तेवढंच वस्तुमान न्यायला जागा जास्त लागते.

झुरिकच्या ऑरेल स्टोडोलाने नॉझलमध्ये बारीक नळी सरकवत ठिकठिकाणचा दाब मोजला. बाहेरचा दाब वाढवल्यावर रुंद भागातच दाबाने एकदम उसळी घेतली. ती शॉक वेव्ह.