दिनविशेष : ४ मार्च १९२२ – ‘नोस्फेराटू’चा पहिला खेळ

एफ. डब्ल्यू. मुर्नाउ यांचा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीवर तो बेतला होता, पण हक्क न घेता. त्यामुळे ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला आणि इंग्लंडऐवजी जर्मन बंदरगाव आले. नावे बदलून भागले नाही. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती निसटल्या, म्हणून चित्रपट उरला.

रंगवलेल्या पडद्यांपुढे भय उभे करण्याच्या त्या काळात मुर्नाउ यांनी खरे किल्ले, गल्ल्या, समुद्र निवडले. विस्मार, ल्युबेक आणि स्लोव्हाकियातील ओरावा किल्ला इथे चित्रण झाले. माक्स श्रेक यांचा टकला, लांब नखांचा ऑर्लोक पडद्यावर फार कमी वेळ दिसतो. जिन्यावर चढणारी त्याची सावलीच जास्त घाबरवते. रात्रीची दृश्ये भर दिवसा टिपून फिल्मला निळा रंग दिला जाई. उलट, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरील ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटासाठी दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात कृत्रिम प्रकाश वापरला.

कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही वावरतो. सूर्यकिरणांनी पिशाच नष्ट होते, ही कल्पना याच चित्रपटाची. पुढच्या असंख्य भयपटांनी ती उचलली.